तीन टिकल्या आणि एक मिनिट

मी तासगाव तालुक्यातली, बेदाण्याच्या घरची. लग्नानंतर २०११ साली कॅलिफोर्नियात फ्रेस्नोजवळ राहायला आले, तर इथंही बेदाणाच. जवळच सेल्मा नावाचं गाव आहे, ते स्वतःला जगाची बेदाण्याची राजधानी म्हणवतं. वाणसुद्धा ओळखीचं, थॉमसन सीडलेस. फरक सुकवण्यात. आमच्याकडे घड डिपिंग करून शेडमधल्या रॅकवर पसरतात. इथं अजून बऱ्याच ठिकाणी ऑगस्टच्या अखेरीला घड कापून वेलींच्या दोन ओळींमधल्या तापलेल्या मातीवर कागद अंथरून टाकतात. मजुरी कागदामागे. कापणारी माणसं दिवसभर वाकलेली, आणि पारा चाळिसाच्या वर.

ही माणसं बहुतेक सगळी मेक्सिकोतून आलेली. कॅलिफोर्नियाच्या शेतमजुरांत दहातले नऊ लॅटिनो. राज्याच्या एकूण लोकसंख्येतही लॅटिनो ४० टक्क्यांच्या आसपास आहेत, म्हणजे सगळ्यात मोठा गट. तरीही पिण्याचं पाणी, डॉक्टर, घरभाडं, उन्हात काम करताना मिळणारी सावली, यातलं काहीही मोजायला घेतलं की हीच माणसं मागे राहिलेली दिसतात.

मी इथल्या एका शाळेत मदतनीस म्हणून लागले आणि मुलांकडूनच स्पॅनिश शिकले. पालक मला 'मायेस्त्रा' म्हणू लागले, म्हणजे बाई. त्यातूनच एका स्थानिक गटाची ओळख झाली. २०२४ च्या शरद ऋतूत या गटानं एक काम हातात घेतलं: आपल्या भागातल्या लॅटिनो वस्त्यांना राज्य सरकारकडून आधी काय हवंय, याची यादी त्यांच्याकडूनच करून घ्यायची आणि सॅक्रामेंटोला, राज्याच्या राजधानीत, न्यायची. त्या यादीबरोबर मी पहिल्या बैठकीपासून शेवटपर्यंत होते. ते सगळं इथं लिहितेय.

मुळात राज्याकडेच का जायचं, हे आधी सांगायला हवं. ज्यांच्याकडे या देशात राहण्याची कागदपत्रं नाहीत त्यांना केंद्राच्या आरोग्य योजनेत जागा नाही, अगदी जीव धोक्यात असेल तेवढ्यापुरते उपचार. बाकीचं द्यायचं तर राज्यानं स्वतःच्या पैशातून द्यायचं. कॅलिफोर्नियानं ते हळूहळू दिलंही. २०१६ मध्ये १९ वर्षांखालची मुलं मेडी-कॅल या सरकारी आरोग्य योजनेत घेतली, २०२० मध्ये पंचविशीपर्यंतची तरुण माणसं, २०२२ मध्ये पन्नाशीच्या पुढची, आणि १ जानेवारी २०२४ ला मधली उरलेली, २६ ते ४९ वयाची. म्हणजे सगळ्यात जास्त राबणारी वयं सगळ्यात शेवटी. विनाकागदपत्रांच्या लोकांना गाडी चालवण्याचा परवाना २०१५ पासून मिळतो, तोही राज्याचाच कायदा. आणि याच राज्यात १९९४ मध्ये १८७ क्रमांकाचा प्रस्ताव जवळजवळ ५९ टक्के मतांनी मंजूर झाला होता. त्यात या लोकांना सरकारी दवाखाना बंद आणि त्यांच्या मुलांना शाळासुद्धा बंद होती. न्यायालयानं तो अडवला. आमच्या गटाच्या प्रमुख बाई तेव्हा विशीत होत्या. "शाळेच्या दारात मुलांची कागदपत्रं तपासणार म्हणून माझी बहीण दोन आठवडे पोरांना घरी ठेवून बसली होती," असं त्या सांगतात. वस्त्यांमध्ये हे कुणी विसरलेलं नाही. राज्यानं दिलेलं राज्य काढून घेऊ शकतं, हे तिथल्या म्हाताऱ्या बायकांना पाठ आहे.

या बाई प्रोमोतोरा आहेत. आपल्याकडच्या आशाताईच म्हणा: त्याच वस्तीतली बाई, घरोघर फिरणारी, कुणाला साखर आहे, कुणाची बाळंतीण आजारी आहे, हे जिला माहीत. मी त्यांना सेन्योरा म्हणते, त्या मला 'मिहा' म्हणतात, म्हणजे पोरी.

पहिली बैठक ऑक्टोबरमध्ये झाली, एका शाळेच्या जेवणघरात. बेदाण्याचा हंगाम संपला होता आणि छाटणी सुरू व्हायची होती, म्हणून हाच काळ निवडला. भिंतीवर आठ मोठे कागद लावले. प्रत्येकावर एक विषय: आरोग्य विमा, पाणी, घरभाडं, कामावरचा उष्मा, काम नसतानाचा भत्ता, शाळा, रस्ते-दिवे, वकिलाची मदत. प्रत्येकाच्या हातात तीन रंगीत गोल टिकल्या द्यायच्या आणि सांगायचं, तुम्हाला जे सगळ्यात आधी हवं त्याच्यावर चिकटवा. ही पद्धत अशा बैठकांत सगळीकडे वापरतात.

विषय मीच काढले होते, अहवाल वाचून. आरोग्य विम्याचा कागद मी मुद्दाम मधोमध लावला होता, कारण तोच पहिला येणार याची मला खात्री होती.

आमच्या चुका पहिल्या अर्ध्या तासात उघड्या पडल्या. वेळ सहाची ठेवली होती. बायका आल्या साडेसातला, स्वयंपाक उरकून. दारात नाव आणि फोन नंबर लिहायची वही ठेवली होती, ती पाहून दोन कुटुंबं परत गेली. आणि एका गृहस्थांनी मला सरळ विचारलं, "तुम्ही मालकांकडच्या का?" प्रश्न चुकीचा नव्हता. या खोऱ्यात द्राक्षाच्या मोठ्या बागा असलेले अनेक शेतकरी पंजाबी आहेत. भारतीय चेहरा म्हणजे त्यांच्या दृष्टीनं बागायतदार किंवा मुकादम. मी म्हटलं, "माझे वडील बागायतदार आहेत, पण सात समुद्रांपलीकडे. आणि सप्टेंबरात ढग आले की माझीही झोप उडते." ते हसले नाहीत, पण बसले.

पुढच्या एका बैठकीत याच गृहस्थांना मी पांडुरंग खानखोज्यांबद्दल सांगितलं. वर्ध्याचा माणूस, गदर चळवळीतला क्रांतिकारक. इंग्रजांनी परत येऊ दिलं नाही म्हणून मेक्सिकोत गेला आणि चापिंगोच्या शेतकी शाळेत शिकवू लागला. मक्यावर काम केलं, गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शेतकी शाळा काढल्या. प्रसिद्ध मेक्सिकन चित्रकार दिएगो रिव्हेरानं मेक्सिको सिटीतल्या शिक्षण खात्याच्या भिंतीवर त्यांना रंगवलंय. गृहस्थांचं गाव चापिंगोपासून तासाभरावर. चापिंगोचं ब्रीद त्यांना तोंडपाठ होतं: पिळवणूक जमिनीची करायला शिकवायचं, माणसाची नव्हे. नंतर त्यांनी कधी मालकांचा विषय काढला नाही. उलट दर वेळी खुर्च्या मांडायला लवकर यायचे.

त्या पहिल्या रात्री टिकल्या मोजल्या, तर पाण्याचा कागद भरून गेला होता. आरोग्य विमा तिसरा.

मला ते उमगायला त्या वस्तीत दोन दिवस घालवावे लागले. तिथं विहिरीच्या पाण्यात नायट्रेट आहे. वर्षानुवर्षं शेतात टाकलेलं खत आणि गोठ्यांचं शेण जमिनीत मुरून खाली गेलंय. नायट्रेटला वास नाही, चव नाही. पाणी उकळून ते जात नाही, उलट पाणी आटल्यामुळे ते जास्तच दाट होतं. तान्ह्या बाळांच्या रक्तात त्यामुळे प्राणवायू कमी पडतो. एक बाई मला म्हणाली की डॉक्टरांनी पाणी उकळून द्या असं सांगितलं होतं आणि ती आठ महिने उकळून देत होती. घरात पाच गॅलनचे गराफोन, म्हणजे आपले पाण्याचे जार, रांगेनं ठेवलेले. बिल नळाच्या पाण्याचंही भरायचं आणि जारचे पैसेही द्यायचे. २०१२ मध्ये कॅलिफोर्नियानं पाणी हा माणसाचा हक्क आहे असा कायदा केला, अमेरिकेतलं असं पहिलं राज्य. २०१९ मध्ये त्यासाठी २०३० पर्यंत दर वर्षी १३ कोटी डॉलरपर्यंतचा निधीही ठरला, आणि राज्यपालांनी त्यावर सही केली ती आमच्याच फ्रेस्नो जिल्ह्यातल्या एका छोट्या वस्तीत येऊन. तरीही पाइप यायचा तो शेजारच्या शहरातून, आणि शेजारच्या शहराला गरीब वस्ती आपल्या जाळ्यात घ्यायची नसते. राज्य अशा जोडणीची सक्ती करू शकतं, २०१५ पासून तसा कायदा आहे. पण सक्तीच्या आधी अभ्यास, अभ्यासाच्या आधी अर्ज, आणि अर्ज लिहायला वस्तीत इंजिनिअर कुठला?

म्हणून तिथल्या लोकांनी जे लिहून घेतलं ते 'स्वच्छ पाणी' एवढंच नव्हतं. त्यांनी लिहायला लावलं: "आमच्या वतीनं अर्ज करणारा माणूस राज्यानं पगार देऊन ठेवावा." कुठल्याही अहवालात मी ही मागणी अशा शब्दांत वाचली नव्हती.

त्याच रात्रीची दुसरी गोष्ट माझ्या मनातून गेलेली नाही. सगळे पांगल्यावर मी खुर्च्या रचत होते. कोपऱ्यात एक बाई अजून बसून होती, चाळिशीची. तिच्या तळहातावर तिन्ही टिकल्या तशाच. मी स्पॅनिशमध्ये विचारलं, "सेन्योरा, लावायच्या राहिल्या का?" ती हसली आणि मान हलवली. मी पुन्हा विचारलं, ती पुन्हा हसली. तिला स्पॅनिश येत नव्हतं. दोन तास ती बसून होती, सगळं बघत होती, आणि आम्ही आठ कागद स्पॅनिशमध्ये लावून समाधानी होतो.

ती मेक्सिकोतल्या ओआहाका राज्याच्या डोंगराळ भागातली, मिश्तेको बोलणारी. स्वतःच्या लोकांना हे 'न्यू सावी' म्हणतात, पावसाची माणसं. आपण 'लॅटिनो' म्हणतो आणि सगळ्यांची भाषा स्पॅनिश धरून चालतो. मिश्तेकोचा स्पॅनिशशी काही संबंध नाही. ती सुरांची भाषा आहे, सूर बदलला की अर्थ बदलतो, आणि एका डोंगरापलीकडच्या गावाची मिश्तेको दुसऱ्या गावाला कळत नाही. फ्रेस्नो, माडेरा, ऑक्सनार्डच्या शेतांत मिश्तेको, सापोतेको, त्रिकी बोलणारी खूप माणसं आहेत. त्यांना स्पॅनिश अर्ज देणं म्हणजे मेळघाटातल्या कोरकू बाईच्या हातात मराठी अर्ज ठेवून 'भाषेची सोय केली' म्हणण्यासारखं.

पुढच्या बैठकीला आम्ही तिच्या गावची बोली बोलणारी दुभाषी आणली. म्हणजे तिची मुलगीच. वय एकोणीस, जन्म इथलाच, कम्युनिटी कॉलेजात शिकणारी. तिन्ही भाषा तिच्या तोंडात. आईनं तिन्ही टिकल्या हातात धरून भिंतीवरच्या कागदांवरून नजर फिरवली आणि म्हणाली, "माझा कागद इथं नाही."

मग मुलीनं सांगितलं. ती नऊ वर्षांची असताना आईच्या पोटात दुखायचं. एका इस्पितळात गेले. दुभाषी नव्हता, डॉक्टर मुलीशी बोलले. गर्भाशयात गाठ आहे, हे आईला सांग, म्हणाले. मुलीला इंग्रजी शब्द कळला नाही, आणि मिश्तेकोत त्याला काय म्हणतात हेही माहीत नव्हतं. तिनं आईला सांगितलं, "पोटात एक गोळा आहे, जाईल तो." आई घरी आली आणि वर्षभर तो जायची वाट बघत राहिली. शेवटी रक्तस्राव थांबेना तेव्हा आणीबाणी म्हणून शस्त्रक्रिया झाली. अपवादात्मक प्रसंग सोडता लहान मुलाला दुभाषी करू नये, असा केंद्राचा स्पष्ट नियम २०१६ मध्ये आला. त्या खोलीपर्यंत तो वेळेत पोचला नाही.

मुलगी हे सांगताना माझ्याकडे बघत नव्हती. आई तिच्या पाठीवर हात फिरवत होती. आम्ही नववा कागद लावला आणि त्यावर मुलीनं स्वतःच्या अक्षरात लिहिलं: माझ्या भाषेत बोलणारा मोठा माणूस. 'मोठा' शब्दाखाली दोन रेघा. आईनं तिन्ही टिकल्या तिथंच लावल्या.

मला वाटतं, आमच्या यादीचा खरा पहिला मुद्दा तिथं ठरला, मोजणी काहीही सांगो. माझ्या मूळ टिपणात 'माहिती संकलन' हा मुद्दा सगळ्यात खाली होता, परिशिष्टात टाकायच्या लायकीचा. त्याच २०२४ च्या सप्टेंबरात राज्यपालांनी एका कायद्यावर सही केली होती. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य खात्यानं लॅटिनो असा एकच रकाना न ठेवता कुठल्या देशाचे, कुठल्या मूलनिवासी समाजाचे, कुठली भाषा बोलणारे, हे वेगवेगळं नोंदवावं असा तो कायदा. मी तो वाचला होता आणि कारकुनी बाब म्हणून बाजूला ठेवला होता. ज्याची भाषा नोंदलीच नाही त्याच्यासाठी दुभाषी कोण नेमणार? तो मुद्दा मी वर आणला.

जानेवारी २०२५ मध्ये सगळं बदललं. बेकर्सफील्डच्या आसपास सीमा गस्ती पथकानं धाडी घातल्या. लोकांना रस्त्यावर, दुकानाबाहेर, कामावर जाताना उचललं. बेकर्सफील्ड आमच्यापासून दोन तासांवर. दुसऱ्या दिवशी आमच्याकडच्या संत्र्याच्या बागा आणि छाटणीच्या टोळ्या अर्ध्या झाल्या, शाळेत माझ्या वर्गातली बाकं रिकामी. पाचव्या बैठकीला जिथं चाळीस माणसं यायची तिथं चार आली. दारातली वही तर आम्ही केव्हाच काढून टाकली होती. आता भिंतीवरचे फोटोही काढले. सेन्योरा म्हणाल्या, "मिहा, आता लोक येणार नाहीत. आपण जायचं." मग उरलेल्या बैठका स्वयंपाकघरांत झाल्या. कागद आम्ही गुंडाळून काखेत न्यायचो, फ्रिजवर चिकटवायचो. टिकल्या तिथंही लागल्या. पण माणसं आता वेगळंच बोलत होती. "यादीत आमच्या वस्तीचं नाव घालू नका."

आणि कामावरचा उष्मा हा विषय त्या स्वयंपाकघरांत अचानक वर चढला, कारण घरात पुरुष बोलले. कॅलिफोर्नियात उष्म्याचा नियम २००५ पासून आहे, उघड्यावरच्या कामासाठी देशात सगळ्यात आधीचा. आदल्या वर्षी असुन्सिओन वाल्दिव्हिया नावाचा मजूर चाळीस अंशांच्या उन्हात दहा तास द्राक्षं तोडून मेला होता. नियम चांगला आहे: २७ अंशांच्या वर सावली, माणशी तासाला साधारण लीटरभर थंड पाणी, ३५ च्या वर शेतात दर दोन तासांनी दहा मिनिटं सक्तीची विश्रांती. पण कागदामागे मजुरी असली की विश्रांती म्हणजे बुडालेले पैसे, आणि तक्रार म्हणजे पुढच्या दिवशी बोलावणं नाही. एकानं सांगितलं की सावलीचा तंबू असतो, गाडीच्या मागे घडी करून. तपासणीस आला की उघडतात. कागदपत्रं नसलेला माणूस तपासणिसाशीही बोलत नाही. हा नियम सुधारायची गरज नव्हती, तो अंमलात आणणारी आणि आपल्या भाषेत बोलणारी माणसं हवी होती. पुन्हा तोच नववा कागद.

मार्चमध्ये यादी दोन पानांत बसवली. आमदारांच्या कार्यालयांत गेलो तेव्हा एका तरुण मदतनिसानं मनापासून सल्ला दिला की नऊ मुद्दे कुणी वाचत नाही, तीन करा. त्यानंच समजावलं की विधेयकाला खर्च आला की ते खर्च समितीच्या तात्पुरत्या थांब्यावर जातं. मे आणि ऑगस्टमध्ये तिथल्या शेकडो विधेयकांचा निकाल एका दिवसात भराभर वाचून दाखवतात, चर्चा नाही, साक्ष नाही. पैशाचा मुद्दा असेल तर अर्थसंकल्पाच्या दारातून या, असं तो म्हणाला. आम्ही तीन ठेवले: वस्त्यांसाठी अर्ज करणारी तज्ज्ञ माणसं, मूलनिवासी भाषांचे प्रशिक्षित दुभाषी, आणि मेडी-कॅल आहे तसं चालू ठेवणं. तिसरा आम्ही जवळजवळ औपचारिकता म्हणून घातला होता.

१४ मे ला राज्यपालांचा सुधारित अर्थसंकल्प आला. १२ अब्ज डॉलरची तूट. त्यात प्रस्ताव होता की जानेवारी २०२६ पासून कागदपत्रं नसलेल्या प्रौढांची मेडी-कॅलमध्ये नवी नोंदणी बंद, आणि आधीच असलेल्यांकडून २०२७ पासून महिन्याला १०० डॉलर. तोपर्यंत सुमारे १६ लाख लोक या दारातून आत आले होते. सेन्योरांनी बातमी फोनवर वाचली आणि फक्त म्हणाल्या, "नोव्हेंताई क्वात्रो." चौऱ्याण्णव.

एका रात्रीत आमची यादी उलटी झाली. नवं काही मागायचं राहिलं बाजूला, मिळालेलं टिकवायचं होतं.

आरोग्याच्या अर्थसंकल्पी उपसमितीसमोर कुणीही बोलू शकतं, मात्र कामकाज संपल्यावर आणि प्रत्येकी एक मिनिट. पहाटे साडेतीनला आम्ही व्हॅननं निघालो, ९९ नंबरच्या रस्त्यानं सरळ उत्तरेला, पावणेतीनशे किलोमीटर. याच खोऱ्यातून १९६६ मध्ये डेलानोचे द्राक्षमजूर संप चालू असताना सॅक्रामेंटोपर्यंत पायी गेले होते. व्हॅनमध्ये नऊ जण होतो, आणि आम्ही आधीच ठरवलं होतं की ज्यांच्याकडे कागदपत्रं आहेत त्यांनीच यायचं. म्हणजे ज्यांचं मेडी-कॅलचं कार्ड धोक्यात होतं त्यांच्यापैकी एकही माणूस गाडीत नव्हता. हा निर्णय बरोबर होता आणि तो घेताना आम्हा सगळ्यांना लाज वाटली.

मिश्तेको बाईची मुलगी आली होती. आई घरी, फोनवर थेट प्रक्षेपण लावून.

चार तास बाकांवर बसलो. मग दरवाजाबाहेरपर्यंत रांग. व्हीलचेअरवरचे लोक, परिचारिका, शेतमजुरांच्या संघटना, डॉक्टर. माझं बोलणं मी घड्याळ लावून ५८ सेकंदांत बसवलं होतं. रांगेत उभी असताना मुलगी माझ्या कानात म्हणाली, "मायेस्त्रा, मला तुमचं मिनिट द्याल? एका मिनिटात दोन भाषा बसत नाहीत." मी रांगेतून बाहेर झाले. पण मिनिट असं उसनं देता येत नाही, हे आम्हाला माहीत नव्हतं. ती माइकसमोर गेली, नाव सांगितलं, आणि आधी मिश्तेकोत बोलू लागली.

त्या खोलीत ती भाषा किती जणांना कळली असेल? बहुधा कुणालाच नाही. पण टंकलेखन थांबलं, माना वर झाल्या. मग इंग्रजीत ती म्हणाली, "हे माझ्या आईचं बोलणं आहे. ती म्हणते: मी एकोणीस वर्षं तुमची द्राक्षं तोडली. गेल्या वर्षी जानेवारीत मला कार्ड मिळालं. पहिल्यांदा डॉक्टरांनी माझ्याकडे बघून विचारलं, कुठं दुखतं. माझ्यानंतर येणाऱ्या बाईला तुम्ही दार लावू नका." घंटी वाजली होती. अध्यक्षांनी तिला थांबवलं नाही. एक वाक्य तिनं जास्तीचं म्हटलं, ते आईचं नव्हतं, तिचं होतं: "मी नऊ वर्षांची असताना तिची दुभाषी होते. मी ते चुकीचं सांगितलं होतं."

मी भिंतीशी उभी राहून रडले. माझ्या ५८ सेकंदांत आकडे होते, सगळे बरोबर, आणि ते बोलले गेले नाहीत याचं मला आजही काही वाटत नाही.

जूनच्या मध्यावर नवाच घाव बसला. मेडिकेड ही गरिबांसाठीची देशभरची आरोग्य योजना, मेडी-कॅल हे तिचंच इथलं रूप. केंद्राच्या आरोग्य यंत्रणेनं तिच्या लाभार्थ्यांची माहिती, कॅलिफोर्नियातलीही, गृहसुरक्षा खात्याला दिल्याचं बातम्यांत आलं. राज्य न्यायालयात गेलं. पण आमच्याकडे फोन वाजू लागले: माझं नाव काढून टाका. ज्या कार्डासाठी आम्ही दारोदार फिरलो, 'नाव द्या, काही होत नाही' असं तोंडानं सांगितलं, त्या माणसांना आता काय सांगायचं? सेन्योरांनी ठरवलं की खोटा धीर द्यायचा नाही. काय झालंय ते सांगायचं, वकिलाचा नंबर द्यायचा, निर्णय त्यांचा. काहींनी नाव काढलं. त्यात इन्सुलिनवर असलेला एक माणूस होता.

२७ जूनला अर्थसंकल्पावर सही झाली. १०० डॉलरचे ३० झाले, जुलै २०२७ पासून, १९ ते ५९ वयाच्या लोकांसाठी. दातांचे उपचार जुलै २०२६ पासून बंद. नव्या नोंदणीवरची बंदी तशीच राहिली. मुलं आणि गरोदर बायका तेवढ्या वगळल्या. आमचे पहिले दोन मुद्दे कुठेच नव्हते.

मग उरले सहा महिने. ३१ डिसेंबरच्या आत जितक्यांना आत घेता येईल तितक्यांना घ्यायचं, एवढंच काम. शनिवार-रविवार एका चर्चच्या मागच्या खोलीत टेबलं मांडली. पगाराच्या पावत्या, भाड्याची चिठ्ठी, पत्ता. पावती नसेल तर मुकादमाकडून सहीचा कागद, आणि मुकादम सही देत नसेल तर स्वतःच लिहून द्यायचं निवेदन. सप्टेंबरात बेदाण्याचा हंगाम, लोक अंधार पडल्यावर यायचे, हाताला साखर चिकटलेली, अर्जावर बोटांचे ठसे उमटायचे. चापिंगोवाले गृहस्थ स्वतः पन्नाशीच्या पुढचे, त्यांचं कार्ड २०२२ पासूनचं, पण दर शनिवारी दोघा-तिघांना गाडीत घालून आणायचे. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात टुले धुकं पडलं. हे आमच्या खोऱ्यातलं दाट धुकं, दहा पावलांवरचं दिसत नाही. तरी ३१ ला रात्री नऊपर्यंत टेबलं चालू होती.

५ जानेवारीला एक जोडपं आलं. छाटणीसाठी ओरेगॉनहून नुकतंच उतरलेलं. मी त्यांना आणीबाणीच्या उपचारांबद्दल आणि कमी पैशात तपासणाऱ्या दवाखान्याबद्दल सांगितलं, पत्ता लिहून दिला. बाई विचारत राहिली, "पाचच दिवस ना?" मी तीनदा उत्तर दिलं, शब्द बदलून.

आता आमचं मुख्य काम म्हणजे आत असलेल्यांना आत ठेवणं. दर वर्षी नूतनीकरणाचं पाकीट येतं. ते चुकलं की कार्ड बंद, तीन महिन्यांत चूक दुरुस्त केली नाही तर परत येता येत नाही. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्या घरी ती पाकिटं टेबलावर जाहिरातींच्या ढिगात पडून असतात. म्हणून आम्ही पुन्हा घरोघर फिरतो आणि सरळ विचारतो, "टपाल दाखवता का?"

फेब्रुवारीत मिश्तेको बाईच्या घरी गेले. तिचं पाकीट तिनं देवीच्या तसबिरीमागे जपून ठेवलं होतं, न उघडता. मुलीनं टेबलावर अर्ज पसरला आणि एकेक प्रश्न आईला तिच्या भाषेत वाचून दाखवला. आई उत्तर द्यायची, मुलगी लिहायची. बोलण्याची भाषा कोणती, या प्रश्नाशी ती थांबली. गेल्या वेळी कुणीतरी तिथं स्पॅनिश लिहिलं होतं. तिनं ते काट मारून मोठ्या अक्षरांत लिहिलं: मिश्तेको, आणि पुढे गावाची बोली, सान हुआन मिश्तेपेक. रकाना लहान पडला, अक्षरं समासात गेली. आईनं खाली सही केली. परत जाताना पोस्टाच्या खिडकीवर थांबून मी पोचपावती घेतली.